अंडरग्राउंड संगीत-चित्रांचं आमचं अनियतकालिक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अंक विकायला टेबल मांडून बसलं की तेच प्रश्न फिरून फिरून येतात. टेबलामागे आम्ही तिघं असतो. त्यातला एक हटकून आत गाणं ऐकायला पळालेला असतो आणि उरलेल्या दोघांची उत्तरं जुळत नाहीत. म्हणून एकदाची लिहून काढली. प्रश्नांचा क्रम असा काही लावलेला नाही.

या अंकात असतं तरी काय?

मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांच्या वाटेला न गेलेलं, किंवा त्यांनी ज्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही असं संगीत, आणि त्याच्या आगेमागे वाढणारी चित्रकला. पंक, ग्राइंडकोर, डूम, नॉइज असे कर्कश, जड किंवा सुराबाहेरचे प्रकार, घरी सोल्डर केलेल्या सर्किटांचे आवाज, चाळीस माणसांच्या खोलीत एकदाच वाजलेलं आणि पुन्हा न वाजलेलं काहीबाही. चित्रांच्या बाजूला कार्यक्रमांची पोस्टरं, कॅसेटची वेष्टणं, कोलाज, स्टेन्सिल, लिनोकट, कॉमिक्स. एका अंकात साधारण दोन मोठ्या मुलाखती, एक लांबलचक लेख, वीसेक परीक्षणं, आणि मधली आठ पानं निव्वळ चित्रांची. त्या आठ पानांवर एक अक्षरही नसतं, पान क्रमांकसुद्धा नाही.

अंडरग्राउंड कशाला म्हणायचं यावर आमच्यात भांडणं होतात. माझ्या मते तो संगीताचा प्रकार नाहीच. पैसे कोणी घातले, रेकॉर्डिंग कुठे झालं, कॅसेट कोणी भरल्या आणि त्या ऐकणाऱ्याच्या हातात कशा पोचल्या, यावरून ते ठरतं. म्हणून आमच्या अंकात कानठळ्या बसवणारा बँड आणि नुसता पावसाचा आवाज रेकॉर्ड करणारी बाई शेजारी शेजारी सापडतील.

‘अंडरग्राउंड’ला मराठी शब्द नाही का?

आहे की, ‘भूमिगत’. पण भूमिगत म्हटलं की डोळ्यांसमोर बेचाळीसचे क्रांतिकारक येतात, नाहीतर गटारं. दोन्हींबद्दल आदर आहे, पण अंक वेगळा आहे.

‘अनियतकालिक’ मात्र अस्सल मराठी आणि आमच्या फार कामाचा शब्द. साठच्या दशकातल्या लघुनियतकालिकवाल्यांच्या तोंडी तो रुळला. वेळेवर न निघणं हा दोष लपवत बसण्यापेक्षा नावातच घालून टाकला, हे आम्हाला भारी आवडतं. त्यांच्यातले कित्येक अंक चक्रमुद्रित असायचे, म्हणजे स्टेन्सिल कापून सायक्लोस्टाइलवर फिरवलेले. आमचं छपाईयंत्रही त्याच घराण्यातलं आहे, त्याबद्दल पुढे येईलच.

अंक कधी निघतो?

तयार झाला की. वर्षात दोन निघाले तर आम्हालाच नवल वाटतं.

आजच्या काळात कागदावरच का? पीडीएफ टाकली तर जास्त लोक नाही का वाचणार?

वाचतील, निदान उघडतील तरी. तरीही नाही.

पहिलं कारण टिकण्याचं. २०१९ च्या मार्चमध्ये मायस्पेस या वेबसाइटने जाहीर केलं की सर्व्हर हलवताना २०१५ पर्यंत लोकांनी तिथे चढवलेलं संगीत नाहीसं झालं. पाच कोटींच्या घरात गाणी, सुमारे एक कोटी चाळीस लाख कलाकारांची. त्यातल्या बहुतेकांकडे दुसरी प्रत नसणार, कारण गाणी ठेवायची जागाच ती होती. आता उलट बघा: १९७६ साली ऑफिसच्या झेरॉक्स मशीनवर चोरून काढलेली पानं आजही वाचता येतात. त्याला पासवर्ड लागत नाही.

पण कागदाचंही फार कौतुक नको. न्यूजप्रिंटमध्ये लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असतं, ते उजेडात पिवळं पडतं आणि कागद ठिसूळ होतो. दमट हवेत पिना गंजतात आणि मधल्या पानावर तांबूस डाग सोडतात. सेलोटेपने चिकटवलेलं तर सर्वांत आधी खराब होतं. तरी अंक एकाच वेळी शेकडो घरांत पडून असतो. कोणाच्या माळ्यावर, कोणाच्या गिटारच्या केसमध्ये. एका घरचा भिजला तर दुसऱ्या घरचा उरतो.

दुसरं कारण जास्त स्वार्थी आहे. ४८ पानं म्हणजे ४८ पानं. एकोणपन्नासावं पान मिळत नाही. नवा लेख आत घ्यायचा तर जुना बाहेर काढावा लागतो आणि तो बाहेर का, हे त्या लेखकाच्या तोंडावर सांगावं लागतं. पडद्यावर जागा कधी संपतच नाही, त्यामुळे हा वाईटपणा कोणी घेत नाही. आमचे बरेचसे चांगले लेख चौदा पानांचे पाच करताना चांगले झालेत.

ही परंपरा कुठून आली?

थोडी मागे जाते, आणि सुरुवात संगीतापासून नाही. विज्ञानकथांच्या वेड्या वाचकांनी १९३० साली शिकागोहून ‘द कॉमेट’ नावाचं हौशी पत्र काढलं. पहिलं फॅनझीन, म्हणजे चाहत्यांनी काढलेलं पत्र, म्हणून त्याचंच नाव घेतात. ‘फॅनझीन’ हा शब्द मात्र दहा वर्षांनी, १९४० मध्ये आला. संगीताकडे ही हवा वळली ती साठच्या दशकात. १९६६ साली पॉल विल्यम्स या सतरा वर्षांच्या कॉलेजकुमाराने ‘क्रॉडॅडी’ हे रॉक संगीतावर गंभीरपणे लिहिणारं पत्र सायक्लोस्टाइल करून काढलं. रॉकबद्दल गंभीरपणे लिहायचं असतं हेच तोवर फारसं कोणाला ठाऊक नव्हतं.

मग १९७६. लंडनमध्ये मार्क पेरी नावाच्या बँक कारकुनाने नोकरी सोडून ‘स्निफिन ग्लू’ काढलं. नाव रामोन्स या बँडच्या एका गाण्यावरून घेतलेलं. मजकूर टाइपरायटरवर, मथळे जाड मार्करने हाताने, खाडाखोड तशीच ठेवलेली, पहिल्या अंकाच्या पन्नासएक प्रती. वर्षभरात खप हजारोंवर गेला आणि बारा अंकांनंतर १९७७ मध्ये त्याने ते बंद करून टाकलं. वाचकांना तो सारखं सांगत असे की आमचं वाचत बसू नका, स्वतःचं काढा. आणि काढलीही लोकांनी, डझनांनी.

इथे एक जुना घोळ निस्तरून टाकतो. गिटारचे तीन कॉर्ड काढून दाखवून ‘आता बँड काढा’ असं सांगणारं ते प्रसिद्ध चित्र सगळे ‘स्निफिन ग्लू’च्या नावावर खपवतात. ते छापलं होतं ‘साइडबर्न्स’ या दुसऱ्याच फॅनझीनने, १९७७ च्या जानेवारीत. कार्यक्रमात टीशर्टवर हे चित्र दिसलं की आमच्यातला एकजण अजून जाऊन हे सांगतो. त्याला फारसे मित्र नाहीत.

त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत सिटी लाइट्स या पुस्तकांच्या दुकानात काम करणाऱ्या व्ही. वेल याने ‘सर्च अँड डिस्ट्रॉय’ सुरू केलं. भांडवल म्हणून ॲलन गिन्सबर्ग आणि लॉरेन्स फर्लिंगेटी या दोन कवींनी प्रत्येकी शंभर डॉलर दिले. त्याच शहराच्या परिसरातून १९८२ पासून ‘मॅक्झिमम रॉकनरोल’ निघालं आणि २०१९ पर्यंत छापील स्वरूपात निघत राहिलं. मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला जागा द्यायची नाही, हा त्यांचा नियम. भाबडा वाटतो खरा, पण त्यामुळे कितीतरी देशांतल्या न ऐकलेल्या बँडना पानं मिळाली. लंडनचं ‘द वायर’ही १९८२ चंच. सुरुवातीला जॅझचं होतं, २००० मध्ये तिथे काम करणाऱ्यांनीच ते मालकाकडून विकत घेतलं. १९९१ च्या आसपास अमेरिकेत रायट गर्ल या पंकमधल्या स्त्रीवादी चळवळीतल्या मुलींनी झीन (फॅनझीनचंच छोटं नाव) हातात घेतली, तेव्हा अनुभव, राग आणि गाण्यांचे शब्द एकाच पानावर आले. आमच्या मुलाखतींच्या पद्धतीवर त्या झीनचा प्रभाव आहे, हे कबूल करायला हवं.

या सगळ्यांना फार तर पैशांची चणचण होती. चेकोस्लोव्हाकियात गोष्ट वेगळी होती. तिथे ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या बँडच्या मंडळींवर १९७६ मध्ये खटला झाला आणि त्यातून उठलेल्या संतापाचा ‘चार्टर ७७’ हा मानवी हक्कांचा जाहीरनामा उभा राहण्यात मोठा वाटा होता. १९७९ मध्ये फ्रांतिशेक स्तारेक याने ‘व्होक्नो’ हे अंडरग्राउंड संगीत आणि कलेचं पत्र चोरून काढायला सुरुवात केली. १९८१ मध्ये त्याला अटक झाली आणि पुढे तुरुंगवास. आपल्या अंकाला उशीर झाला म्हणून आम्ही कुरकुरतो तेव्हा कोणीतरी ‘व्होक्नो’ एवढंच म्हणतं.

झीन, फॅनझीन, मासिक : तुम्ही यातलं काय?

फॅनझीन म्हणजे चाहत्यांनी चाहत्यांसाठी काढलेलं, झीन म्हणजे त्यातून ‘फॅन’ गळून पडल्यावर उरलेलं. आम्ही अध्येमध्ये आहोत. मुद्रितशोधन करतो, म्हणून झीनवाले आम्हाला शिष्ट म्हणतात. पिना स्वतः मारतो, म्हणून मासिकवाले आम्हाला मोजत नाहीत.

हे संगीत म्हणजे नुसता गोंगाट नाही का?

कधीकधी आहे. गोंगाटाकडे संगीत म्हणून बघण्याची कल्पना काल-परवाची नाही. इटालियन चित्रकार लुइजी रुसोलो याने १९१३ मध्ये मांडलं की कारखाने, ट्राम, गर्दी यांच्या आवाजाला सरावलेल्या कानांना जुन्या वाद्यवृंदाचे मोजके ध्वनी पुरणार नाहीत. नुसतं मांडून थांबला नाही. भोंगे लावलेल्या लाकडी पेट्या बनवल्या, त्यांच्या हँडलने घरघर, शिट्टी, गडगडाट काढता यायचा. १९१४ मध्ये मिलानमध्ये त्यांचा कार्यक्रम झाला तेव्हा श्रोत्यांत हाणामारी झाली. म्हणजे ‘हे काय लावलंय’ हा प्रश्नही शंभर वर्षं जुना आहे.

नवख्या माणसाला आम्ही एक गोष्ट सुचवतो: फीडबॅक ऐका. गिटार ॲम्प्लिफायरच्या समोर धरली की स्पीकरमधला आवाज तारेला कंप देतो, तो कंप पुन्हा पिकअपमधून, म्हणजे तारेचा कंप टिपणाऱ्या गिटारवरच्या चुंबकातून, ॲम्प्लिफायरमध्ये जातो, मोठा होऊन बाहेर येतो, पुन्हा तारेवर. हे चक्र सुरू झालं की वादकाने तार छेडायची गरजच उरत नाही. मग तो पायाने अर्धं पाऊल मागे सरकतो आणि सूर बदलतो, कारण अंतर बदललं. पुढच्या कार्यक्रमात वादकाच्या बोटांऐवजी पायांकडे बघा. आमच्यातल्या दोघांना हे संगीत असंच लागलं.

आणि सगळंच लांबलचक नसतं. नेपाम डेथ या बँडचं एक गाणं १.३१६ सेकंदांचं आहे, जगातलं सर्वांत छोटं म्हणून गिनीज बुकात नोंदलेलं. आवडलं नाही तरी फार वेळ जात नाही.

परीक्षणं कशी लिहिता? तारे का देत नाही?

तारे दिले की लोक तारेच वाचतात.

पद्धत सांगतो. आलेली प्रत्येक गोष्ट निदान तीनदा ऐकायची. एकदा स्पीकरवर, एकदा हेडफोनवर, आणि एकदा दुसरं काहीतरी काम करताना. तिसरं ऐकणं फसवं वाटतं, पण भांडी घासताना हात कुठे थांबला हे फार खरं असतं. मित्राच्या बँडवर लिहायचं नाही. अंडरग्राउंडात सगळेच कोणाचे ना कोणाचे मित्र असतात, त्यामुळे हा नियम पाळताना जीव जातो; कधीकधी परीक्षण लिहायला तिसऱ्याच गावचा माणूस शोधावा लागतो. एका परीक्षणात दुसऱ्या बँडशी तुलना एकदाच. आणि ‘अप्रतिम’, ‘भन्नाट’, ‘काळजाला भिडणारं’, ‘सुन्न करणारं’ हे शब्द संपादनात आपोआप उडतात. ‘एक वेगळाच अनुभव’ तर लेखकासकट उडतो.

मग उरतं काय? आवाज. एका नव्या मुलीने आम्हाला एका कॅसेटवर लिहून पाठवलं होतं: दुसऱ्या बाजूला चौथ्या मिनिटाच्या सुमाराला कोणीतरी खुर्ची सरकवतं, त्यानंतर गिटार किंचित उतरलेली वाटते आणि शेवटपर्यंत तशीच राहते, बहुधा वाजवणाऱ्याचा धक्का लागून खुंटी फिरली आणि त्याने थांबून लावायचं टाळलं. बस्स, एवढंच. चांगलं की वाईट हे तिने सांगितलंच नव्हतं. तो अंक निघाल्यावर त्या कॅसेटची मागणी करणारी पत्रं आली आणि प्रत्येकाला ती खुर्ची ऐकायची होती.

मी माझं संगीत पाठवू का? परीक्षण नक्की छापाल ना?

पाठवा. कॅसेट, सीडी, रेकॉर्ड, काहीही चालतं. ऐकतो सगळं, छापतो थोडं. ‘नक्की’ म्हणायची आमची टाप नाही. परीक्षणासाठी पैसे देऊ करणारी पाकिटं तशीच परत जातात, त्यातल्या कॅसेटसकट.

एक विनंती: कोणी काय वाजवलंय, कुठे आणि कशावर रेकॉर्ड केलंय हे चिठ्ठीवर लिहा. ‘सीमा ओलांडणारा ध्वनिप्रवास’ वगैरे नको. ‘बहिणीच्या खोलीत, चार ट्रॅकच्या रेकॉर्डरवर, तिसरा ट्रॅक बिघडलेला’ असं असेल तर आम्ही ती कॅसेट आधी लावतो.

मला संगीतातलं काही कळत नाही. तरी लिहू शकतो का?

हो. आमचे निम्मे लेखक सा कुठे आहे ते सांगू शकणार नाहीत. ऐकलंय ते नेमकं लिहिता आलं पाहिजे आणि मुदत पाळली पाहिजे. दुसरी गोष्ट जास्त दुर्मीळ आहे.

चित्रं कशा स्वरूपात पाठवायची?

आमचं पान ए५ आहे, १४८ बाय २१० मिलिमीटर. चित्र पानाच्या कडेपर्यंत जाणार असेल तर चारही बाजूंनी तीन-तीन मिलिमीटर जास्त काढा, म्हणजे १५४ बाय २१६. कटिंगमध्ये कडेला पांढरी रेघ राहत नाही. फोटो किंवा छटा असलेलं चित्र छापायच्या आकारात ३०० डीपीआयला, निव्वळ रेघांचं असेल तर ६०० ला स्कॅन करा. मोबाइलवर काढलेला चित्राचा फोटो कृपया नको. एका कोपऱ्यात नेहमी तुमच्या हाताची सावली असते.

काळ्या-पांढऱ्यात विचार करून काढलेली चित्रं आमच्या यंत्रावर फुलतात. यामागेही जुना वारसा आहे. जेमी रीड याने वर्तमानपत्रातली अक्षरं कापून, खंडणीच्या चिठ्ठीसारखी चिकटवून सेक्स पिस्टल्स या पंक बँडचं दृश्यरूप घडवलं. रेमंड पेटीबोनने ब्लॅक फ्लॅग या बँडसाठी चार काळ्या पट्ट्यांचं चिन्ह आणि शाईतली पत्रकं काढली. क्रास या बँडच्या वेष्टणांसाठी जी वॉशर हिने केलेलं बारीक काम फोटो आहे की चित्र, असा प्रश्न पडतो. रंगवलेलं आहे ते. या सगळ्यांना माहीत होतं की आपलं काम शेवटी स्वस्त यंत्रातून, वाईट कागदावर उतरणार आहे. ते लक्षात ठेवूनच त्यांनी रेघ ओढली. फिकट जलरंगाचं चित्र पाठवून ‘छपाईत मजा गेली’ म्हणणाऱ्यांनी हे एकदा मनावर घ्यावं.

हक्क चित्रकाराचेच राहतात. आम्ही एकदा छापतो, बस्स.

छपाई कशी करता?

रिसोग्राफवर. दिसायला हे यंत्र ऑफिसातल्या झेरॉक्ससारखं, पण आतून सायक्लोस्टाइलचं नातवंड. जपानच्या रिसो कंपनीने ते ऐंशीच्या दशकात आणलं, शाळा आणि कार्यालयांची पत्रकं स्वस्तात निघावीत म्हणून. यंत्र मूळ पान वाचतं, मास्टर नावाच्या पातळ कागदावर उष्णतेने बारीक बारीक भोकं पाडतं आणि तो मास्टर शाईच्या ड्रमवर गुंडाळतं. ड्रम फिरतो, शाई भोकांतून कागदावर उतरते. एका ड्रमला एकच रंग. दुसरा रंग हवा तर ड्रम बदलून तोच कागद पुन्हा आत घालायचा.

त्याआधी डमी, म्हणजे कुठलं पान कुठे येणार याचा कोरा नमुना. ए४ चा कागद मधोमध दुमडला की चार पानं होतात, म्हणून पानांची संख्या नेहमी चारच्या पटीत. ४८ पानांचे बारा कागद. सर्वांत बाहेरच्या कागदावर पान १ च्या शेजारी पान ४८ येतं, त्याच्याच पाठीवर २ च्या शेजारी ४७. शेजारच्या दोन पानांची बेरीज नेहमी ४९ यायला हवी. ही बेरीज भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलीय, कारण रात्री दोन वाजता डोकं चालत नाही.

एकदा बेरीज बरोबर होती आणि तरी फसलो. पाठपोट छापताना कागदांचा एक गठ्ठा उलटा लागला आणि सगळ्या प्रतींत १८ आणि ३१ ही पानं खाली डोकं वर पाय छापली गेली. पान १८ वर एका ड्रमरची मुलाखत ऐन रंगात आलेली होती. पुन्हा छापायला कागद शिल्लक नव्हता. आम्ही शुद्धिपत्रकाची चिठ्ठी घातली: ‘इथे अंक फिरवावा, नंतर परत फिरवावा.’ ड्रमरला आधीच फोन करून माफी मागितली, तर त्याला वाटलं आम्ही मुद्दाम केलंय. आम्ही त्याचा गैरसमज दूर केला नाही, आज करतोय.

छापून झालं की शाई वाळायला एक रात्र, मग जुळणी. लांब टेबलावर बारा गठ्ठे मांडून एकामागे एक गोल फिरत कागद उचलायचे. घडीवर हाडाची पट्टी फिरवायची, लांब हाताच्या स्टेपलरने मधोमध दोन पिना. जाड अंकात आतली पानं घडीतून बाहेर सरकतात, म्हणून उघडी कड शेवटी कापून घ्यायची. आणि म्हणूनच आतल्या पानांवर मजकूर बाहेरच्या कडेच्या फार जवळ नेत नाही.

माझ्या प्रतीत लाल रंग चित्राबाहेर सरकलाय आणि बोटांना शाई लागते. प्रत बदलून मिळेल?

नाही. कागद यंत्रातून दोनदा जातो, प्रत्येक वेळी केसभर इकडेतिकडे होतो. तुमच्या प्रतीतला लाल जिथे सरकलाय तिथे दुसऱ्या कोणाचा सरकलेला नाही. रिसोची शाई कागदात मुरून वाळते, झेरॉक्सच्या पावडरसारखी भाजून पक्की होत नाही, त्यामुळे गडद पानांवर ती थोडी हाताला लागणारच. पांढरा शर्ट घालून वाचू नका.

पानं कमी असतील, कोरी असतील, किंवा टपालात अंक भिजून आला असेल तर मात्र दुसरा पाठवतो. न विचारता.

किंमत कशी ठरवता? एवढ्याशा अंकाला जास्त वाटते.

कागद, मास्टर, शाई, कटिंग यांचा खर्च भागिले प्रती, अधिक पुढच्या अंकाच्या कागदासाठी थोडं. आमच्या वेळेचा हिशोब त्यात नाही. धरला तर कोणीच घेणार नाही.

टपालाचं गणित मात्र वजनावर चालतं. ए५ आकाराचे ३२ सुटे कागद म्हणजे एक चौरस मीटर. ४८ पानं म्हणजे असे २४ कागद, म्हणजे पाऊण चौरस मीटर. ८० जीएसएमच्या, म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम भरणाऱ्या कागदाला ६० ग्रॅम. १७० जीएसएमचं मुखपृष्ठ धरलं की आणखी साधारण ११. वर पाकीट. मुखपृष्ठ जाड करूया असं कोणी म्हणालं की आम्ही आधी तराजू काढतो, कारण टपालाचा पुढचा टप्पा ओलांडला की भुर्दंड शेकडो प्रतींवर बसतो.

जाहिराती घेता का?

दुसऱ्या छोट्या अंकांच्या आणि छोट्या रेकॉर्ड लेबलांच्या, अदलाबदलीत. आमच्या अंकात त्यांची पाव पान जाहिरात, त्यांच्या अंकात आमची. पैसे घेऊन छापत नाही. यात फार मोठं तत्त्व आहे असं नाही. एकदा पैसे घेतले की जाहिरातदार अंक कधी निघणार हे विचारतो.

लेखकांना मानधन मिळतं?

अंक विकून उरलं तर मिळतं, आणि किती उरलं हे सर्वांना दाखवतो. नसेल तर पाच प्रती. ‘प्रसिद्धी मिळेल’ असं आम्ही कोणाला सांगत नाही; आमच्याकडेच नाही, तुम्हाला कुठून देणार.

काय छापत नाही?

शिव्या, नग्नता, देवाधर्माची चेष्टा यावर सरसकट बंदी नाही, प्रत्येक वेळी वाचून ठरवतो. पण एखाद्या जातीच्या, धर्माच्या, वंशाच्या माणसांना माणूसच न मानणारं काही छापत नाही, संगीत कितीही भारी असो. ब्लॅक मेटल या संगीतप्रकारात नाझी चिन्हं मिरवणारा एक कोपरा आहे आणि तिथून ‘कला वेगळी, कलाकार वेगळा’ असं सांगणारी पत्रं येतात. असेल वेगळा. आमची पानं ४८च आहेत.

जुने अंक मिळतील का?

संपलेला अंक पुन्हा छापत नाही. मित्राकडून घेऊन झेरॉक्स काढा, आमची परवानगी आहे. फक्त मुलाखतीतली पानं अर्धवट काढून फिरवू नका. चित्रांची आठ पानं वेगळी छापायची किंवा विकायची असतील तर चित्रकाराला विचारा.

जपून ठेवायचे असतील तर आडवे ठेवा, उभे ठेवले की पिनांपाशी वाकतात. कोरड्या जागी, उन्हापासून लांब. मऊ पीव्हीसीच्या पिशवीत नको, त्यातून निघणारी रसायनं कागदाला आणि शाईला खातात. पॉलिएस्टरची पिशवी किंवा साधं कागदी पाकीट बरं. झीन जपणं हे आता ग्रंथालयांचंही काम झालंय. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात २००३ पासून झीनचा खास संग्रह आहे.

मला स्वतःचं झीन काढायचंय. कुठून सुरुवात करू?

एका कागदापासून. ए४ कागद तीनदा अर्धा दुमडा आणि उघडा; घड्यांनी आठ चौकटी झालेल्या दिसतील. आता आखूड कडा एकमेकींवर येतील असा तो मधोमध दुमडा आणि घडीच्या बाजूने आत, कागदाच्या मध्यापर्यंत, मधल्या आडव्या रेषेवर कात्रीने कापा. उघडलात की बरोबर मध्यभागी चीर दिसेल. कागद लांबीत दुमडा, दोन्ही टोकं धरून आत ढकला. चीर उघडून वरून बघताना अधिक चिन्हासारखा आकार होईल. पानं एका बाजूला वळवा. आठ पानांचं पुस्तक झालं, पिनेशिवाय. पान क्रमांक आत्ताच पेन्सिलीने टाका आणि मग उघडा, म्हणजे कुठली चौकट उलटी लिहायची ते कळेल. सगळा मजकूर एकाच बाजूला असल्यामुळे झेरॉक्सही एकच बाजू.

काय लिहायचं हे आम्ही सांगणार नाही. पण तुमच्या ओळखीत असा एखादा बँड असेलच, ज्याच्याबद्दल आजवर कोणी एक ओळ लिहिलेली नाही.

वार्षिक वर्गणी का नाही?

वर्षाला किती अंक निघतील हेच माहीत नाही, तर कशाची वर्गणी घेणार? छापून झालेल्या अंकाचेच पैसे घेतो. यादीत नाव लिहून ठेवलंत तर अंक तयार झाल्यावर कार्ड पाठवतो, मग पैसे पाठवा. त्यामुळे अंक उद्या बंद पडला तरी कोणाचं देणं राहत नाही. आमच्याकडे उरेल तो फक्त मास्टरचा अर्धा रोल आणि लाल शाईचा ड्रम. तो कोणाला हवा असेल तर नाव त्याच यादीत शेवटी लिहा.